इच्छा आणि ध्येय



"शिकून मोठा हो" असा आशीर्वाद आपण मुलांना नेहमी देतो. परंतु मोठे होण्यासाठी उद्या सकाळी उठून काय करावयाचे, हे मात्र सांगावयाचे राहून जाते. आशीर्वाद मोलाचा, इच्छाही मोलाची. पण त्यांना ध्येय म्हणता येणार नाही. हा फरक आपल्या नजरेस आणून द्यावा, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

आपल्या शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याला हा फरक शिकवावा लागत नाही. यंदा भात चांगले पिकावे, ही त्याची इच्छा असते. पण तेवढ्यावर तो बसून राहत नाही. पावसाळ्यापूर्वी तो राब भाजतो, वेळेवर बी पेरतो आणि रोपे तयार होताच लावणीला लागतो. पाऊस त्याच्या हाती नाही. राब त्याच्या हाती आहे. तद्वतच परीक्षेचे गुण पूर्णपणे विद्यार्थ्याच्या हाती नसतात, पण रोजची तयारी असते. ध्येय नेहमी हातातल्या गोष्टीचे ठरवावे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये असे प्रतिपादन केले की, "जमेल तेवढे कर" असे सांगण्यापेक्षा नेमके व थोडे कठीण ध्येय समोर ठेवले, तर माणसाच्या हातून अधिक काम होते. गॅरी लॅथम व जेम्स बाल्डेस यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास लाकूड वाहणाऱ्या ट्रकांचा आहे. कायद्याने जेवढे वजन नेता येई, त्याच्या सुमारे ६० टक्केच माल भरला जात होता. ९४ टक्क्यांचे ध्येय ठरवून दिल्यावर काही महिन्यांत हे प्रमाण ९० टक्क्यांवर गेले. त्यासाठी पैशाचे बक्षीस नव्हते.

पण वाचकहो, मूल म्हणजे ट्रक नव्हे. वरून आकडा लादला, तर ते मान डोलावील आणि विसरून जाईल. समुपदेशनाची गरज नेमकी इथेच आहे. समजा, दहावीचा एखादा मुलगा आपल्याकडे आला.

"सर, गणित जमत नाही."

"अभ्यास कर" म्हटले की बोलणे संपते. त्याऐवजी विचारावे, "अडते कुठे?"

"वर्गसमीकरणाला, सर."

"घरी अभ्यासाला केव्हा बसतोस?"

"गुरे बांधून झाली की जेवणाआधी."

"तेवढ्या वेळात किती उदाहरणे होतील?"

"तीन होतील, सर."

"दाखवशील केव्हा?"

"शनिवारी."

तीन हा आकडा लहान असेल. पण तो त्याच्या तोंडून आला आहे. म्हणून तो पाळला जाण्याचा संभव अधिक. शनिवारी त्याने एकच उदाहरण आणले, तर रागावू नये. काय आड आले ते विचारावे आणि वेळ किंवा आकडा बदलावा. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विकसित केलेल्या आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांना परिचित करून दिलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे एक सूत्र इथे उपयोगी पडते: एखादे काम फसले म्हणून माणूस नालायक ठरत नाही. या पद्धतीतही समुपदेशक घरी करावयाचा अभ्यास देतो. मात्र मूल फार खचलेले दिसले, तर शिक्षकाने आपली मर्यादा ओळखावी आणि तज्ज्ञाची मदत घ्यावी. आपल्याच जिल्ह्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्याला इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था स्थापन केली. अशा ठिकाणी जाण्यात कमीपणा नाही.

आता पालकांसाठी दोन शब्द. दहावी-बारावीनंतर मुलगी म्हणते, "अब्बा, मला पुढे शिकायचंय." आपण म्हणतो, "बघू." आपण नकार दिलेला नसतो; परंतु या "बघू"मध्ये प्रवेशअर्जाची तारीख निघून जाते, उत्पन्नाचा दाखला काढायचा राहतो आणि मुलगी घरी बसते. मुरबाडकडच्या गावातून एस. टी.ने कल्याण गाठायचे, किंवा शहापूरहून आसनगाव स्टेशनला जाऊन लोकल पकडायची, हे सोपे नाही, हे मी जाणतो. पण अडचण नेमकी कोणती, हे घरात बसून बोलले तर मार्ग निघू शकतो. दाखला कोण काढणार व केव्हा, पासाचे पैसे कोठून येणार, संध्याकाळी बसथांब्यावर तिला आणायला कोण जाणार, हे एका कागदावर लिहावे. प्रत्येक कामापुढे नाव आणि तारीख घालावी. आणि तिचे म्हणणे तिलाच लिहू द्यावे, कारण शिकायचे तिला आहे.

ही स्मरणिका वाचून झाल्यावर कपाटात जाईल. ती ठेवण्यापूर्वी घरातील मुलांना जवळ बोलवा आणि येत्या आठवड्यात त्यांना काय करावयाचे आहे ते विचारा. उत्तर त्यांचे त्यांना देऊ द्या; आपण शांतपणे ऐका.