मोठ्यांची बुद्धी, मुलांची फूटपट्टी



अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल आभार. असा मान आपल्याकडे बहुधा साठी उलटल्यावर मिळतो. ज्या वयात बुद्धीला उतरती कळा लागते असे आपण वर्गात शिकवतो, त्याच वयाच्या माणसाला आपण अध्यक्ष करतो. ही विसंगती मानसशास्त्राच्या परिषदेत तरी कुणाला खटकायला हवी होती. आज तिच्याविषयीच बोलतो.

बुद्धिमापन जन्मले शाळेत. बीने आणि सीमों यांची 1905 ची चाचणी पॅरिसमधल्या, अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांसाठी होती. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बीनेच्या चाचण्यांना कानडी आणि मराठी रूप दिले, तेही मुलांसाठीच. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने लाखो प्रौढांना त्याच घाटाचे प्रश्न घातले. वय वाढेल तसे गुण कमी होताना दिसले आणि तिशीतच बुद्धी ओसरू लागते असा समज रूढ झाला. वयस्क मंडळी मुळात कमी शाळा शिकलेल्या पिढीतली होती, हे कुणी फारसे लक्षात घेतले नाही. पिढीचा फरक वयाच्या माथी मारला गेला.

वॉर्नर शाय यांनी 1956 मध्ये सिएटलला अभ्यास सुरू केला आणि दर 7 वर्षांनी ते त्याच माणसांकडे परत जात राहिले. तेव्हा चित्र पालटले. वेग लवकर मंदावतो, हे खरे. पण इतर बहुतेक क्षमतांमध्ये साठीपूर्वी सरासरीने फारशी घट दिसली नाही आणि शब्दज्ञान तर त्याहूनही उशिरापर्यंत टिकले.

तरीही हे सारे चाचणीच्या खोलीतले. कामावर बसलेल्या माणसाचे काय? टिमथी सॉल्टहाउस यांनी 1984 मध्ये 19 ते 72 वर्षांचे टंकलेखक तपासले. नुसते बोट आपटायला किंवा खुणेला प्रतिसाद द्यायला सांगितले की वयस्क मागे पडत. मजकूर टंकायला दिला की वयामुळे वेगात फरक दिसेना. पडद्यावर एका वेळी किती अक्षरे दिसावीत यावर बंधन घालून त्यांनी कारण शोधले. वयस्कांची नजर बोटांच्या अधिक पुढे धावत होती. पुढची अक्षरे आधीच हेरली की बोटांना तयारीला सवड मिळते. हे कौशल्य कोणत्याही सर्वसाधारण बुद्धिमत्ता चाचणीत उमटणार नाही. ते त्या धंद्यातच मोजावे लागते.

म्हणून केस पिकले की जाण येते, असे मात्र समजू नका. डॉक्टरांच्या अनुभवाचा आणि उपचारांच्या दर्जाचा संबंध तपासणाऱ्या 62 अभ्यासांचा आढावा 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिक अभ्यासांत, तपासलेल्या प्रत्येक बाबीत, वर्षे वाढली तसा दर्जा घसरलेला दिसला. टंकलेखकाची चूक लगेच कागदावर दिसते. डॉक्टरला ती कळायला वेळ लागतो, कधी कळतही नाही. आणि आपण समुपदेशक? येणे बंद केलेला माणूस बरा झाला की आपल्याला कंटाळला, हे आपल्यापैकी किती जण विचारतात? वीस वर्षांचा अनुभव म्हणून आपण मिरवतो ते पुष्कळदा एकाच वर्षाची उजळणी असते.

आता मूळ मागणीकडे येतो, पण आधी तिच्यामागचे उदाहरण. स्कॉटलंडमध्ये 1 जून 1932 रोजी, 1921 साली जन्मलेल्या जवळजवळ सगळ्या शाळकरी मुलांची एकच चाचणी झाली, मुले 87,498. नोंदी दशकानुदशके पडून होत्या. त्या हाती आल्यावर इयन डिअरी आणि लॉरेन्स व्हॅली यांनी 1 जून 1998 रोजी ॲबर्डीनमध्ये त्यांतल्या काहींना तीच चाचणी पुन्हा दिली. अकराव्या वर्षीचा क्रम बराचसा टिकला होता, पण सगळा नाही. जे वर सरकले आणि जे खाली आले, त्यांच्यात मधल्या आयुष्याने काय केले, हा प्रश्न तेव्हा हाताशी आला.

आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी वर्षानुवर्षे आहे. त्या गुणांच्या नोंदी, नावे गुप्त राखून, जपाव्यात. संमती देणाऱ्यांकडे चाळिशीत आणि साठीत पुन्हा जावे. आणि त्यांना ते करत असलेल्या कामातच तपासावे, मग ते शेत असो, यंत्रशाळा असो वा न्यायालय. असा ठराव मी उद्याच्या खुल्या अधिवेशनात मांडणार आहे. त्याला तरुण सभासदांनी अनुमोदन द्यावे, ही विनंती. हे काम पुरे व्हायला लागणारी वर्षे त्यांच्याकडेच आहेत.