हक्क राज्यांचे, पण कोणते?



अमेरिकेतले यादवी युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झाले, गुलामगिरी हे केवळ निमित्त, असे तुम्ही ऐकले असेल. कदाचित तुमच्या मुलांनीही ऐकले असेल. हा दावा तपासण्यासाठी आज मी लिंकनऐवजी फ्रँकलिन पिअर्स यांच्याबद्दल बोलणार आहे. पिअर्स उत्तरेतल्या न्यू हॅम्पशरचे वकील, १८५३ ते १८५७ या काळातले अध्यक्ष. त्यांचे युद्धमंत्री होते जेफरसन डेव्हिस, जे पुढे बंडखोर दक्षिणेचे अध्यक्ष झाले.

गुलामगिरीला राज्यघटनेची मान्यता आहे, तेव्हा ज्या राज्यांत ती आहे तिथे केंद्राने हात घालू नये, ही पिअर्स यांची भूमिका. पदग्रहणाच्या भाषणातच त्यांनी ती मांडली. हे तत्त्व प्रामाणिक असेल, तर ते गुलामगिरी नाकारणाऱ्या राज्यांनाही लागू व्हायला हवे. ते झाले का?

२४ मे १८५४. व्हर्जिनियातल्या गुलामगिरीतून निसटून आलेला अँथनी बर्न्स हा तरुण बॉस्टनमध्ये पकडला गेला. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी नव्हती. पण १८५० च्या फरारी गुलामांच्या कायद्याने बर्न्सला ज्यूरीसमोर दाद मागण्याची सोय ठेवली नव्हती. निवाडा करणाऱ्या कमिशनरला माणूस मालकाकडे धाडला तर दहा डॉलर मिळत, सोडला तर पाच. लोक खवळले, न्यायालयावर चालून गेले. त्या झटापटीत एक पहारेकरी मारला गेला. पिअर्स यांनी केंद्राचे सैन्य वापरायला मोकळीक दिली. २ जूनला बॉस्टनच्या रस्त्यांवर हजारो लोक निषेधाला उभे असताना, एका माणसाला संगिनींच्या पहाऱ्यात बंदरावर नेऊन जहाजात चढवले.

याच आठवड्यात, ३० मे रोजी, पिअर्स यांनी कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही केली. १८२० च्या मिसुरी तडजोडीने कॅन्सस आणि नेब्रास्का या प्रदेशांत गुलामगिरीला घातलेली बंदी उठली आणि निर्णय स्थानिक जनतेवर सोडल्याचे सांगण्यात आले. मग शेजारच्या मिसुरीतून कॅन्ससमध्ये टोळ्या आल्या, त्यांनी बेकायदा मतदान केले आणि गुलामगिरीवाद्यांचे विधिमंडळ निवडून आणले. पिअर्स यांनी त्यालाच मान्यता दिली. गुलामगिरीविरोधकांनी टोपेका इथे भरवलेले विधिमंडळ मात्र ४ जुलै १८५६ रोजी केंद्राच्या घोडदळाने पांगवले.

म्हणजे राज्याला गुलाम ठेवायचे असतील तर केंद्राचे हात बांधलेले. राज्याला माणूस वाचवायचा असेल तर केंद्राची फौज दारात. पिअर्स स्वतः गुलामांचे मालक नव्हते. संघराज्य टिकावे, अशीच त्यांची इच्छा होती. तरी ज्या शांततेसाठी ते धडपडले, तिची किंमत त्यांनी बर्न्ससारख्यांकडून वसूल केली आणि ती शांतताही टिकली नाही. मॅसॅच्युसेट्सने १८५५ मध्ये पकडलेल्यांना ज्यूरीचा हक्क देणारा कायदा केला. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलिना संघराज्यातून फुटून निघाली, तेव्हा तिच्या जाहीरनाम्यातली मोठी तक्रार हीच होती: उत्तरेकडची राज्ये आमचे फरारी गुलाम परत देत नाहीत! राज्यांच्या हक्कांची बाजू घेणाऱ्यांना मॅसॅच्युसेट्सचा हक्क सहन झाला नाही.

१८७३ साली महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले. आज त्याच देशात राहणाऱ्या आपल्यावर त्या इतिहासाचे देणे आहे. आपल्या मुलांबरोबर साउथ कॅरोलिनाचा तो जाहीरनामा वाचा. तो छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो. आणि पुढे कोणीही राज्याच्या हक्काची भाषा केली, मग ते अमेरिकेत असो वा भारतात, तर मुलांना एवढे विचारायला शिकवा: हा हक्क नेमका कशाचा, आणि तो बजावला की कोणाचा हक्क जातो?