आईला फोन न करता साखर सापडली पाहिजे

आजचा भाग स्वयंपाकघरावर आहे, पण रेसिपीवर नाही. रेसिपीसाठी आला असाल तर मध्ये दडपे पोहे येतील, तेवढ्यावर भागवून घ्या.

प्रश्न साधा आहे. शाळेतून पोरं घरी आली, भूक लागलेली आहे, आई कामावर आहे. तर त्या घरात त्यांना आपापल्या हातांनी खाता येतं का? आणि नसेल येत, तर ते पोरांमुळे की स्वयंपाकघर तसं लावलंय म्हणून?

आमच्या घराचं सांगते. डोंबिवलीत वन बीएचके. बाबा नाशिकला नोकरीला, शनिवारी येतात. आई पॅथॉलॉजी लॅबमध्ये. आजी घरी, तिला मधुमेह आणि गुडघे दोन्ही. मी लॉच्या तिसऱ्या वर्षाला, साडेपाचला घरी पोचते. धाकटा आठवीत, त्याची सकाळची शाळा, पावणेएकला घरात. छोटी तिसरीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं ना, तर छोटीची शाळा ९ ते ३. रिक्षाकाका साडेतीनला आणून सोडतात. ज्या घरात दोन पोरं आहेत तिथे हा घोळ तुम्हाला माहीत असेल. एकाचं जेवण, दुसरीचं मधल्या वेळचं खाणं, मग दोघांचा क्लास, आणि ओटा एकच.

आधी आईची ड्युटी ७ ते ३ होती, त्यामुळे चारला ती घरी यायची आणि सगळं निभायचं. मागच्या वर्षी तिला दुसऱ्या शाखेची इन्चार्ज करायचं ठरलं. पगार वाढणार, पण वेळ ११ ते ७. आई नाही म्हणणार होती. "पोरांचं खाणंपिणं कोण बघणार?" एवढं एकच कारण. आम्ही तिघांनी तिच्याकडे एक महिना मागून घेतला.

पहिल्या आठवड्यात मी एकच काम केलं. आईला घरून किती फोन जातात आणि कशासाठी, ते फ्रिजवर कागद लावून लिहायला सांगितलं. शनिवारपर्यंत १९ फोन. त्यातले १४ "कुठे आहे?" या एका प्रश्नाचे. चिवडा कुठे आहे, सांडशी कुठे आहे, कालची आमटी कुठल्या डब्यात आहे. म्हणजे पोरांना काही येत नव्हतं असं नाही. स्वयंपाकघराचा नकाशा आईच्या डोक्यात होता आणि डोकं ठाण्याला गेलेलं होतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात नगरपालिकेच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर तयार झालं. ते केलं मार्गारेट शुट-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या आर्किटेक्ट बाईंनी. जागा जेमतेम २ मीटर बाय साडेतीन मीटरच्या आतली. कमी पावलांत काम व्हावं म्हणून त्यांनी हालचालींचा अभ्यास केला, आणि ओट्याजवळ ॲल्युमिनियमचे छोटे खण दिले, प्रत्येकावर आतल्या वस्तूचं नाव. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, अळ्या होऊ नयेत म्हणून. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली. आजच्या मॉड्युलर किचनची आजी म्हणा ना. पण त्यात एक खोच होती. ते एकाच माणसासाठी मापलेलं होतं, आणि तो माणूस म्हणजे घरची बाई. दुसरं कुणी मदतीला आलं की अडचण. पुढे त्यावर टीकाही झाली. मला ते वाचून एवढंच कळलं की आपल्याला खणांवरची नावं घ्यायची आहेत, बाकीचा हिशोब उलटा करायचा आहे. आमच्या ओट्यापाशी तेरा वर्षांचा, आठ वर्षांची आणि बहात्तर वर्षांची, तिघांचं चाललं पाहिजे.

आमची मांडणी आईच्या उंचीची आहे. छोटीचा हात जिथे पोचतो तिथे आम्ही खडूने भिंतीवर रेघ मारली. त्या रेघेखालची एक फळी आणि एक ट्रॉली रिकामी केली. त्यात काय होतं माहितीये? इडलीपात्र, पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या आणि लग्नात मिळालेला डिनर सेट. वर्षातून चार वेळा लागणारं सामान सगळ्यात मोक्याच्या जागी! ते सगळं माळ्यावर गेलं. खाली आले चुरमुरे, भडंग, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, गूळ, मेतकूट, पातळ पोहे, आणि पोरांच्या ताटल्या-वाट्या.

डबे आम्ही नवे घेतले नाहीत. रीलमध्ये दिसतात ते एकसारखे पारदर्शक जार छान दिसतात, पण आमच्याकडे चांगले स्टीलचे डबे आहेत, त्यांच्यावर आजीचं नाव कोरलेलं आहे, आणि ते फुटत नाहीत. मेडिकल टेपची पट्टी आणि मार्कर, दहा मिनिटांचं काम. पट्टी झाकणावर नाही, डब्याच्या पोटावर लावायची, कारण झाकणं बदलतात. हे धाकट्याने शोधून काढलं.

आजी मात्र नाराज होती. "माझ्या डब्यांना चिठ्ठ्या? मला काय दिसत नाही?" मी म्हटलं, "आजी, तुझ्यासाठी नाहीत गं, ह्या दोघांसाठी." "मग त्यांना माझ्याकडे विचारू देत की!" आता यावर काय बोलणार. शेवटी असं ठरलं की कुठल्या डब्यात काय, हे आजी ठरवणार आणि आम्ही फक्त लिहिणार. तिने पुढच्या दोन दिवसांत सगळी फळी पुन्हा फिरवली. फिरवू दिली.

खरी भांडणं साखरेवरून झाली. साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर असायचा. मुंग्यांमुळे, असं सांगितलं जायचं. खरं कारण आजी. दुपारी चहात एक चमचा जास्त जायचा, म्हणून आईने तो वर नेऊन ठेवला होता. पण आजीच्या डॉक्टरांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं की गोळ्यांमुळे कधी साखर एकदम उतरू शकते. मीटरवर ७० च्या खाली, घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं. तेव्हा साधारण तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, आणि १५ मिनिटांनी परत तपासायचं. माणूस नीट शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. हे आईला माहीत, मला माहीत. दुपारी घरात कोण? तेरा वर्षांचा धाकटा. आणि साखर स्टुलावर चढून काढायची!

आई म्हणाली, खाली ठेवली तर त्या खातील. आजी म्हणाली, मी काय लहान आहे का? दोघीही बरोबर होत्या, म्हणून तर मिटत नव्हतं. शेवटी मोठा डबा वरच राहिला, आणि एका छोट्या बरणीत साखर, तिच्यात चमचा, शेजारी ग्लुकोमीटर, आणि बरणीवर लाल पट्टी. चहासाठी या बरणीला हात लावायचा नाही. आजीने हे मान्य केलं, आणि तिने पाळलं, हे मी मुद्दाम सांगते.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, चारच्या सुमारास आजीला घाम फुटला. ती नीट जेवली नव्हती. धाकट्याने मीटर लावलं, ६२. लाल पट्टीची बरणी, पाणी, तीन चमचे. १५ मिनिटांनी ९४. मग छोटीने तिला मेतकूट-भात दिला. आईला फोन गेला तो यानंतर, आणि त्यात "कुठे आहे?" नव्हतं.

बरं, आता आगीचं. छोटीला गॅस नाही, म्हणजे नाहीच. धाकट्याला फक्त इंडक्शन, तेही गरम करण्यापुरतं. आई निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून जाते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचं, पंख्याचं, एक्झॉस्टचं कुठलंच बटण दाबायचं नाही, चालूही नाही आणि बंदही नाही. दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं, आणि बाहेरून १९०६ ला फोन. हा आकडा दाराच्या आतल्या बाजूला लिहिलाय, ओट्यावर नाही. वास आल्यावर ओट्यापाशी वाचत कोण उभं राहणार?

भाताचं पण ऐका, कारण हे बऱ्याच घरांत चुकतं. आई साडेनऊला भात करते, धाकटा जेवतो एकला. तोवर पातेलं ओट्यावर. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू तग धरून राहू शकतात, उबेत ते वाढतात, आणि त्यांनी केलेलं एक विष परत गरम करूनही जात नाही. एफएसएसएआय सांगते की ५ ते ६० अंशांच्या मधे अन्न फार वेळ ठेवू नका. म्हणून आता वाफ गेली की भात पसरट डब्यात आणि फ्रिजमध्ये. डोंबिवलीच्या मे महिन्यात तर बोलायलाच नको.

छोटीसाठी विस्तवाशिवायचे पाच पदार्थ ठरवले: लावलेले चुरमुरे, दहीपोहे, गूळ-तूप-पोळीचा लाडू, केळ्याची शिकरण, आणि दडपे पोहे. कबूल केलेले दडपे पोहे हे असे. आई सकाळच्या फोडणीतलीच दोन चमचे फोडणी वाटीत काढून ठेवते. पातळ पोह्यांत ओलं खोबरं, बारीक कांदा-काकडी, मीठ, चिमूटभर साखर, लिंबू. हाताने कालवायचं, ताटली दडपून वीस मिनिटं ठेवायचं, मग ती गार फोडणी वरून. कांदा धाकटा चिरतो. सुरुवातीला रडायचा, आता चष्मा लावतो, स्विमिंगचा.

भांडी मात्र अजून सुटलेली नाहीत. नियम आहे की ज्याने खाल्लं त्याने ताटली विसळून ठेवायची. छोटी ठेवते. धाकट्याची ताटली साडेपाचला मला सिंकमध्ये वाळलेली मिळते. त्याच्याशी बोलणी चालू आहेत. आई रात्री येऊन फळी परत आपल्या पद्धतीने लावायची, ते तिने हळूहळू सोडलं. सवय आहे पंचवीस वर्षांची, एका महिन्यात कशी जाईल?

महिन्याच्या शेवटी फ्रिजवरच्या कागदावर आठवड्याचे ४ फोन होते. त्यातला एक आजीचा, तिला फक्त आईशी बोलायचं होतं. आईने नवी शाखा घेतली. इन्चार्जच्या टेबलावर आता तिचाही एक खण आहे आणि त्यावर मेडिकल टेपची पट्टी आहे म्हणे.

तुमच्या घरात दुपारी कोण असतं, आणि त्यांचा हात कुठल्या फळीपर्यंत पोचतो, ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवेन. चला, भेटू!