मलेरियाचा भाऊबंद

परसात चार कोंबड्या असोत की शेडमध्ये पाच हजार पक्षी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात गोळा झाली आणि विष्ठेत लाल दिसलं, की पाळणाऱ्याच्या पोटात धस्स होतं. ही रक्ती हगवण. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी आतड्याचं अस्तर आतून फोडतो.

औषधं आहेत. मोनेन्सिन 1971 साली अमेरिकेत बाजारात आलं. पण वर्षानुवर्षं तेच औषध खाद्यातून दिलं की परजीवी त्याला सरावतो, म्हणून आता सगळ्यांचे डोळे झाडपाल्याकडे लागले आहेत. ते चांगलंच आहे. मला खटकते ती 'औषध नको, वनस्पती द्या' ही भाषा.

आयमेरिया आणि मलेरियाचा जंतू हे एकमेकांचे भाऊबंद. दोघंही पेशीत शिरतात, वाढतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात. म्हणून हिवतापावरच्या वनस्पती कोंबड्यांवरही करून पाहिल्या गेल्या. चीनमध्ये चांगशानचं मूळ हिवतापावर देत. हे झुडूप हिमालयातही वाढतं. त्यातल्या फेब्रिफ्यूजिनवरून हॅलोफ्युजिनोन हे कोंबड्यांच्या रक्ती हगवणीवरचं औषध तयार झालं. मात्रा किती? टनभर खाद्याला 3 ग्रॅम. थोडं जास्त झालं तरी पक्ष्यांचं खाणं कमी होतं. म्हणजे ज्याला आपण 'केमिकल' म्हणून नाक मुरडतो, त्याचा वंश एका मुळापर्यंत पोचतो.

दुसरी वनस्पती आर्टेमिसिया. चौथ्या शतकातले चिनी वैद्य गे हाँग यांनी हिवतापावर तिचा मूठभर पाला पाण्यात भिजवून, पिळून रस घ्यायला सांगितलं; उकळायला नव्हे. हे वाचून चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी कमी उष्णतेवर इथरमध्ये अर्क काढला. 2015 साली त्यांना नोबेल मिळालं. कोंबड्यांवरच्या प्रयोगांत या वनस्पतीचा आयमेरियाच्या काही जातींवर गुण दिसला, सगळ्यांवर नाही. आपण मात्र हाताला लागेल तो पाला उकळतो. उकळीत काय उरलं, काय उडालं, कोण बघतं?

आणखी एक घोटाळा. पळसपापडी, वावडिंग ही जंतांवरची औषधं. रक्ती हगवण जंतांमुळे होत नाही. तिथे ती देऊन दिवस वाया जातात, आणि या रोगात दिवस फार मोलाचे असतात.

गेल्या पावसाळ्यात एका ताईंच्या शेडवर गेलो होतो. तीन दिवस ओव्याचा काढा चालू होता, मरतूक थांबत नव्हती. मी गादीतलं मूठभर तूस उचलून दाबलं. त्याचा लाडू वळला. वर निपलमधून पाणी ठिबकत होतं. विष्ठेतून पडलेली परजीवीची अंडी अशा उबदार ओलीत दिवस-दोन दिवसांत पिकतात, आणि पिल्लं तेच तूस टोचत असतात. त्याच दिवशी पाण्यातून अँप्रोलियम हे औषध सुरू केलं. आजारी पिल्लू दाणा सोडतं, पाणी सोडत नाही. ओलं तूस काढलं, निपल बदलले.

ओव्याला मी नाही म्हटलं नाही. त्यातल्या थायमॉलवर माझाही जीव आहे. म्हणून पुढच्या बॅचला शेडमध्ये मधोमध जाळी लावायला सांगितलं: एका बाजूला खाद्यात तोलून ओवा, दुसरीकडे नुसतं खाद्य. ताईंनी वही केली. ओवा किती ग्रॅम, पिल्लांचं वजन किती, मेली किती, असे तीन रकाने मी सांगितले होते. चौथा त्यांनी आपणहून आखला: तुसाचा लाडू वळला की नाही.