लष्करी शिस्त आणि वैद्यकाची नीती



वैद्यकाची नीती आणि लष्कराची शिस्त ही दोन क्षेत्रे परस्परांपासून फार दूरची वाटतात. एकात रोग्याची शुश्रूषा आहे, दुसऱ्यात अपराध्याला शासन आहे. तथापि दोहोंत एक साम्य आहे. रुग्णशय्येवरचा रोगी आणि क्वार्टर गार्डच्या कोठडीतील शिपाई या दोघांचाही देह दुसऱ्याच्या स्वाधीन असतो आणि दोघांनाही मनात येताच उठून जाता येत नाही. दुसऱ्याचा देह ज्याच्या हाती येतो त्याने कोणत्या मर्यादा पाळाव्यात, हा प्रश्न म्हणूनच दोन्हीकडे सारखा आहे.

वैद्यकाने त्याचे उत्तर चार तत्त्वांत दिले आहे. बीचम आणि चिल्ड्रेस या अमेरिकन विचारवंतांच्या १९७९ सालच्या ग्रंथामुळे ती तत्त्वे जगभर परिचित झाली: व्यक्तीच्या निर्णयाचा आदर करणे, अपाय न करणे, हित साधणे आणि न्याय देणे. यावर असा आक्षेप येईल की, शिपायाने भरती होतानाच आज्ञापालन पत्करलेले असते, तेव्हा पहिले तत्त्व त्याला कसे लागू पडावे? आक्षेप रास्त आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३३ ने सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला, तोही शिस्तीच्याच गरजेपोटी. परंतु हक्क मर्यादित असणे वेगळे आणि हक्क मुळीच नसणे वेगळे.

लष्करी पोलिसांविषयीचा कायदाच पाहावा. १९५० च्या सेना अधिनियमाचे कलम १०७ त्यांना अपराध्यास अटक करून खटल्यासाठी ताब्यात ठेवण्याचा अधिकार देते. सेना न्यायालयाने दिलेली शिक्षाही ते अमलात आणू शकतात. मात्र स्वतःच्या अधिकारात कोणतीही शिक्षा देण्यास हेच कलम त्यांना स्पष्ट मनाई करते. पकडणारा हात आणि दंड ठरवणारा हात वेगळा असला पाहिजे, हे यातील मर्म आहे. वैद्यकातील ‘अपाय करू नये’ या तत्त्वाचेच हे लष्करी रूप म्हणता येईल. बंगळूर येथील लष्करी पोलीस दलाच्या केंद्रातून ८ मे २०२१ रोजी ८३ महिला सैनिकांची पहिली तुकडी बाहेर पडली. अशा प्रत्येक नव्या शिपायाच्या अधिकाराची सीमा हीच आहे.

ही सीमा पुसट झाली म्हणजे काय होते, हे रणजीत ठाकूर विरुद्ध भारत सरकार या खटल्यावरून दिसते. सिग्नल रेजिमेंटमधील या शिपायाने आपल्या अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार थेट वरिष्ठांकडे पाठवली. त्याबद्दल त्याला २८ दिवसांची कैद झाली. ती भोगत असताना मे १९८५ मध्ये त्याला जेवण्याची आज्ञा देण्यात आली. ती त्याने मानली नाही. लगेच संक्षिप्त सेना न्यायालय भरले आणि एक वर्षाची सक्तमजुरी व बडतर्फी अशी शिक्षा झाली. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार होती, तोच न्यायासनावर होता.

नाकारलेल्या अन्नाकडे वैद्यक कसे पाहते? जागतिक वैद्यकीय संघटनेने १९७५ साली टोकियो येथे याविषयी नियम घालून दिला. परिणामांची पूर्ण जाणीव ठेवून बंदिवान अन्न नाकारत असेल, तर त्याला कृत्रिम उपायांनी खाऊ घालू नये. आणि त्याची ही जाणीव शाबूत आहे, याला दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टराने दुजोरा द्यावा. येथे भर आहे तो या दुसऱ्या, स्वतंत्र माणसावर. डॉक्टर कितीही सद्भावी असला तरी एकट्याच्या निर्णयावर विसंबणे वैद्यकाला मान्य नाही. ठाकूर यांच्या खटल्यात नेमका हा दुसरा माणूस नव्हता.

१९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द ठरवली. पक्षपाताची वाजवी शंका घेण्यास जागा होती आणि अपराधाच्या मानाने दंड डोळ्यांत भरण्याइतका अवाजवी होता, असे न्यायालयाचे मत पडले. शिपायाला सर्व लाभांसह पुन्हा सेवेत घेण्याचा आदेश झाला.

दंडाची झळ एकट्या शिपायाला लागत नाही. म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर तालुक्यात सोसले नावाचे गाव आहे. अशा गावात एखादा तरुण बडतर्फ होऊन परतला, तर पगाराबरोबर निवृत्तिवेतनाची आशाही जाते आणि घराण्याच्या नावाला बट्टा लागतो. म्हणूनच दंडाचे प्रमाण ठरवताना त्या घराचाही विचार झाला पाहिजे.

सेना न्यायालयाच्या निर्णयावर एकही अपील नसणे ही मोठी उणीव आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने पृथी पाल सिंग बेदी खटल्यात १९८२ सालीच म्हटले होते. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा मात्र २००७ साली झाला आणि न्यायाधिकरण २००९ पासून काम करू लागले. मधल्या २७ वर्षांत अनेकांच्या वाट्याला केवळ रिट अर्जाचा खडतर मार्ग आला.

यावरून निघणारा निष्कर्ष साधा आहे. दंड देण्यापूर्वी चार गोष्टी तपासल्या जाव्यात. आरोपीचे म्हणणे खरोखर ऐकले गेले काय? कोठडीत त्याच्या देहाला वा मनाला अपाय झाला काय? या दंडाने दलाचे कोणते हित साधणार आहे? आणि निर्णय देणारा त्या प्रकरणापासून अलिप्त आहे काय? यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर पहिल्या तिहींच्या उत्तरांवर कोणी विश्वास ठेवणार नाही. शिस्तीला भयाचा आधार लागत असेल. परंतु ती टिकते ती आपल्याला न्याय मिळेल या शिपायाच्या भरवशावर.