मोजदाद शेवटच्या वाडीपर्यंत जावी



लोकसंख्येच्या अभ्यासाच्या या परिषदेसाठी लांबून पौडला आलेल्या प्रतिनिधींचं स्वागत समितीच्या आणि समस्त मुळशीकरांच्या वतीने मनापासून स्वागत करतो.

लोकसंख्येच्या अभ्यासकांनी पुणे जिल्ह्यात जमावं, याला जुना आधार आहे. इंग्रज लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढले होते. १८२४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनने त्यांना मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी नेमलं. दख्खनभर ते वर्षानुवर्षं फिरले. माणसं मोजली; जमिनीचे हक्क, पाऊस, पक्षी, मासे टिपले. माशांच्या शास्त्रीय नावांत ‘कोळस’सारखी इथल्या लोकांच्या तोंडची नावं त्यांनी तशीच ठेवली. १८२९ च्या डिसेंबरात सरकारने ते पदच बंद केलं. साइक्स यांनी लष्करातून रजा घेतली आणि १८३१ च्या जानेवारीत काम पुरं करूनच विलायतेची वाट धरली. पुढे १८६३ ते १८६५ ते लंडनच्या सांख्यिकी सभेचे अध्यक्ष होते. मला त्या अध्यक्षपदापेक्षा काम पुरं करण्यासाठी घेतलेली ती रजा मोठी वाटते.

त्या मोजणीमागे राज्यकर्त्यांचा स्वार्थ होता, हे खरंच. शिवाय खानेसुमारी पेशवाईतही होत असे, आणि गावोगावच्या पाटील-कुलकर्ण्यांवाचून परक्या माणसाला हे काम झेपलं नसतं. त्यांचाही मान आज राखायला हवा.

मुळशीला मोजणीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. मुळशी धरणात इथली गावं गेली, त्याविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले. तरी बुडालेली गावं नेमकी किती, हा आकडा अजून पुस्तकागणिक बदलतो. आज याच तालुक्यात हिंजवडीचे आयटी कंपन्यांचे मनोरे आहेत आणि डोंगरकडेला धनगरवाडे, कातकरी वस्त्याही आहेत. २०११ नंतर माणसांची मोजदाद झालेली नाही. आता ती १ मार्च २०२७ ही तारीख धरून ठरली आहे, म्हणजे प्रगणक फेब्रुवारीत दारोदार जाणार. नेमक्या त्याच दिवसांत कित्येक कातकरी कुटुंबं पोराबाळांसह वीटभट्टीवर असतात आणि वस्तीवरची झोपडी बंद असते.

ती माणसं भट्टीवर जाऊन कशी मोजायची, याचा ठोस मसुदा या परिषदेने तयार करावा आणि जनगणना कार्यालयाकडे पाठवावा, एवढी विनंती करतो. प्रगणकांना वाट दाखवायला आमच्या गावांतली पोरं बरोबर येतील, हा शब्द स्वागत समिती आपल्याला देते.