बी.ए. झालेल्यांसाठी आयटीतली एक जागा



मुलांच्या करिअरबद्दल बोल, असं मला सांगितलंय. इंजिनीअरिंगची वाट आता सगळ्यांना पाठ आहे, म्हणून मी बी.ए.ला गेलेल्यांबद्दल बोलते. "मुलगी बी.ए. करतेय" हे सांगताना आपल्यातल्या अनेकांचा आवाज उगाचच खाली येतो.

आम्ही इंजिनीअर प्रोग्रॅम लिहितो. तो कसा बसवायचा, कसा वापरायचा, अडला तर काय करायचं, हे लिहिणारा माणूस वेगळा असतो. त्याला टेक्निकल रायटर म्हणतात. माझ्या टीममधली रायटर इतिहासात एम.ए. आहे. एकदा एका इंजिनीअरने तिला अपग्रेडच्या नऊ पायऱ्या लिहून दिल्या. वाचून ती म्हणाली, "सातव्या पायरीला जुना डेटा पुसला जातो आणि बॅकअप घ्या असं आठवीत लिहिलंय. बॅकअप कशाचा घ्यायचा?" बैठकीत सगळे गप्प. आधी बॅकअप घ्यायचा हे इंजिनीअरांच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की कागदावर ते कुठे आलंय हे कुणी पाहिलंच नव्हतं. कागद ताडून बघायची, घटनांचा क्रम लावायची सवय तिला इतिहासाने लावलेली.

पण नुसत्या चांगल्या इंग्रजीवर ही नोकरी मिळत नाही. मार्कडाउन आणि गिट शिकावं लागतं; त्यात अवघड काही नाही. गूगलचे टेक्निकल रायटिंगचे कोर्स फुकट आहेत. मुख्य म्हणजे दाखवायला काम हवं. लिबरऑफिसच्या मार्गदर्शिका स्वयंसेवक लिहितात. त्यातलं एक प्रकरण घ्यावं, प्रत्येक सूचना स्वतः करून पाहावी, जिथे अडलं तिथलं वाक्य सुधारून पाठवावं. असे तीन-चार नमुने समोर आले, की पदवीचा रकाना मी शेवटी वाचते.

सगळेच तसं करत नाहीत. काही जाहिरातींत आजही इंजिनीअरिंगची पदवीच मागतात, आणि अर्ज वरच्यावर गळतो. शिवाय आता पहिला मसुदा एआय लिहून देतं. तो गुळगुळीत असतो, पण त्यातली पायरी खरंच चालते का, हे कुणीतरी करून पाहावंच लागतं. नवख्यांना ज्यावर हात बसायचा ती सोपी कामं मात्र यामुळे कमी होताना मला दिसतात.

तरीही कुणाला यायचं असेल, तर एक पान लिहून मला पाठवा. एस.टी.चं आरक्षण मोबाइलवर कसं करायचं, एवढाच विषय चालेल. फक्त ते वाचून माझ्या आईला, मला फोन न करता, तिकीट काढता आलं पाहिजे.